ड्युटी सुटल्यावर : छंद ही चैन नव्हे

‘माझा आवडता छंद’ हा निबंध आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत लिहिला आहे. कुणी ‘वाचन’ लिहिले, कुणी ‘पोस्टाची तिकिटे जमवणे’ लिहिले. घरात एकही तिकीट नव्हते तरी लिहिले, कारण बाईंनी फळ्यावर तसे लिहून दिले होते. पुढे शाळा सुटली, कामधंदा लागला, लग्न झाले, पोरंबाळं झाली. त्यानंतर हा प्रश्न आपल्याला कुणी विचारलाच नाही. कारखान्याच्या फाटकावर नाव विचारतात, गेटपास विचारतात, आयटीआयचा ट्रेड विचारतात, ठेकेदार कोण ते विचारतात. आवड कशाची आहे, हे कुणी विचारत नाही.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना कुणालाही हा प्रश्न विचारून पाहा. दोनच उत्तरे येतील. एक म्हणजे, “वेळ कुठाय?” आणि दुसरे, “छंद-बिंद पैसेवाल्यांचं काम, आपलं काय!” दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. सकाळची पाळी धरायची तर पहाटे डबा भरून निघायचे, रात्रपाळी केली तर दिवसा पत्र्याच्या उकाड्यात झोप काढायची. वर ओव्हरटाइम आला तर सोडवत नाही, कारण घराचा हप्ता आणि पोरांची फी त्यातूनच निघते. तरीही या दोन्ही उत्तरांपाशी आम्हाला थांबावेसे वाटत नाही. कारण आज आपल्या हाती जो थोडाफार मोकळा वेळ आहे, तो कुणी दया म्हणून दिलेला नाही. तो मिळवलेला आहे, आणि मिळवणारे आपलेच होते.

हा वेळ आला कुठून?

रविवारची सुटी आपल्याला सूर्य उगवावा तशी आपोआप येणारी वाटते. पण मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. अर्ज केले, सभा घेतल्या, मालकांशी वर्षानुवर्षे झगडा केला. त्याचे फळ म्हणून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आज रविवारी आपण अंथरुणात अर्धा तास जास्त लोळतो, त्यामागे सहा-सात वर्षांची ही लढाई आहे.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांची. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वेळी १९३४ चा कारखाने कायदा लागू होता. त्यानुसार बारमाही कारखान्यात कामगाराला दिवसाला १० तास आणि आठवड्याला ५४ तास राबवता येत असे. बाबासाहेबांनी दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि १९४६ साली ही मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांवर आली. म्हणजे आठवड्याला सहा तास कमी झाले. वर्षाचा हिशेब करा, तो होतो ३१२ तास. वर्षाला ३१२ तास कामगाराच्या पदरात पडले. या तासांत माणूस एक भाषा शिकू शकतो, ढोलकीवर हात बसवू शकतो, बारा-पंधरा जाड पुस्तके वाचू शकतो.

म्हणून आम्ही म्हणतो की मोकळा वेळ हा आपल्याला मिळालेला वारसा आहे. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा कुणी फुकट पडू देत नाही. मग हा तुकडा पडीक का ठेवायचा?

या वारशावर पहारा ठेवण्याचीही वेळ आलेली आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचेही ठरले. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम ठेवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितेतही आठवड्याचे ४८ तास आहेत. कागदावर पाहिले तर चार दिवस बारा-बारा तास काम आणि तीन दिवस सुटी असा हिशेब बसतो. पण बारा तासांची ड्युटी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला की त्या दिवशीची संध्याकाळ उरत नाही, आणि त्या बदल्यात मिळणारी जादा सुटी खरोखर पदरात पडते की ओव्हरटाइमात जाते, हे ज्याचे त्याने आपल्या हजेरीपत्रकावर पाहायचे आहे. ज्याला संध्याकाळचे काही काम आहे, त्यालाच संध्याकाळ गेल्याचे कळते. ज्याला काहीच नाही, त्याची संध्याकाळ कुणी उचलून नेली तरी पत्ता लागत नाही.

बाबासाहेबांनाही छंद होते

बाबासाहेब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राज्यघटना येते, चवदार तळे येते, दीक्षाभूमी येते. एवढा कामाचा डोंगर डोक्यावर असलेल्या माणसाला छंदासाठी सवड कुठली, असे वाटते. पण होती, म्हणजे त्यांनी ती काढली.

पुस्तकांचा छंद तर जगजाहीर आहे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना पोटाला चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके विकत घेत. १९१७ साली परत येताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती महायुद्धात बुडाली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते माणसांइतकेच पुस्तकांना राहायला जागा हवी म्हणून.

चांगल्या फाउंटन पेनांची त्यांना हौस होती. दिल्लीच्या बंगल्यात बागेकडे ते जातीने लक्ष देत. कधी लहर आली तर स्वतः स्वयंपाक करीत. आणि उतारवयात, शरीर थकलेले असताना, ते व्हायोलिन शिकू लागले. त्यांना काही मैफली गाजवायच्या नव्हत्या. व्हायोलिनसारखे अवघड वाद्य त्या वयात हाती धरणाऱ्याला पहिले वर्षभर बेसूरच वाजवावे लागते, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? तरी जगातल्या मोठ्या विद्वानाला पहिलीतल्या पोरासारखे नव्याने शिकायला कमीपणा वाटला नाही.

आमच्या मते यातच छंदाचे मर्म आहे. छंदात माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. चुकायची मुभा असते. कारखान्यात चुकलो तर मेमो मिळतो, पगार कापला जातो, कधी बोटही जाते. तबल्यावर चुकलो तर फार तर शेजारी हसतो.

छंद माणसाला काय देतो?

कारखान्यातील काम कसे असते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. एकाने रिअ‍ॅक्टरचे तापमान पाहायचे, दुसऱ्याने गोणी भरायची, तिसऱ्याने शिलाई मारायची, चौथ्याने ट्रकवर चढवायची. माल कुठे जातो, त्याचे काय होते, हे चौघांपैकी कुणाला ठाऊक नसते. वेग ठरवतो यंत्र, वेळ ठरवतो सुपरवायझर, किंमत ठरवतो मालक.

आता रविवारी खिडकीपाशी बसून फुटक्या बादलीत मिरचीचे रोप लावणारा तोच माणूस पाहा. बी कुठले घ्यायचे ते तो ठरवतो. माती तो कालवतो. पाणी किती घालायचे, ते त्याने ठरवलेले असते. रोप मेले तर का मेले याचा शोध तो घेतो, आणि मिरची लागली तर ती त्याच्याच ताटात येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक काम पूर्ण आपल्या हाताने, आपल्या बुद्धीने झाले, हे समाधान आठवडाभराच्या आठ तासांत त्याला मिळत नाही. मिरची बाजारात दहा रुपयांना मिळते हे खरे. पण हे समाधान बाजारात मिळत नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. कामाच्या ठिकाणी माणसाला नंबर असतो, पद असते. ठेक्यावर असला तर तेही धड नसते. पण वस्तीत त्याला कुणी ‘हार्मोनियमवाले मामा’ म्हणते, कुणी ‘कॅरमवाला दादा’ म्हणते. मावशींच्या गोधडीचे टाके चार गल्ल्यांत माहीत असतात. ही ओळख कुठल्याही ठेकेदाराने दिलेली नाही आणि ठेका संपल्यावर ती परत घेताही येत नाही.

तिसरी गोष्ट मैत्रीची. कारखान्यातली मैत्री बरेचदा पाळीपुरती असते. तळोज्यात तर कोकणातले, मराठवाड्यातले, विदर्भातले, उत्तरेकडचे, सगळीकडचे लोक येऊन राहिलेले आहेत. गावाकडचे नातलग लांब, शेजाऱ्याचे नाव माहीत नाही. अशा ठिकाणी एक कबड्डीचा संघ, एक गायन पार्टी, एक वाचनाचा कट्टा हे माणसाचे दुसरे गाव होऊ शकते.

ड्युटी करून लिहिलेल्या वह्या

सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचे वामनदादा कर्डक १९२२ साली जन्मले. मुंबईत येऊन गिरणीत आणि मिळेल ती मजुरी करीत राहिले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि वाचता आले नाही, याची त्यांना एवढी लाज वाटली की मोठेपणी ते अक्षरे शिकले. १९४३ साली पहिले गीत लिहिले आणि २००४ साली जाईपर्यंत लिहीत-गात राहिले. आज महाराष्ट्रात अशी जयंती होत नाही, जिथे त्यांचे गाणे वाजत नाही.

नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाचे काम केले, नंतर शिक्षक झाले. त्यांचा पहिला कवितासंग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला. बाबुराव बागूल रेल्वेत कामगार होते. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेचे वळणच बदलले. या माणसांना कुणी पगारी रजा देऊन लिहायला बसवले नव्हते. दमून घरी आल्यावर, दहा-बाय-दहाच्या खोलीत, दिव्याखाली त्यांनी वह्या भरल्या.

हे वाचून कुणी म्हणेल, “आम्ही काय वामनदादा होणार आहोत?” नाही होणार. लाखात एक होतो. पण वामनदादांचे गाणे गल्लीगल्लीत पोहोचले, ते कुणामुळे? ज्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत, अशा हजारो गायन पार्ट्यांमुळे. दिवसा कारखान्यात, रेल्वेत, महापालिकेत राबणारे हे लोक होते. कुणी ढोलकी धरली, कुणी कोरस दिला, कुणी नुसता डफ धरला. छंदाची किंमत नाव होण्यावर ठरत नाही. कोरसमध्ये उभे राहणाऱ्यालाही गाण्याचा आनंद पूर्णच मिळतो, अर्धा मिळत नाही.

घरातल्या बाईचा रविवार

आतापर्यंत आम्ही लिहिले ते वाचून अनेक भगिनींच्या ओठांवर हसू आले असेल. “रविवारची सुटी मिळाली म्हणे! कुणाला मिळाली?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे तीत मोजले. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष घालवत होते ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईचे काम दहा मिनिटांनी हलके झाले, पण ते पुरुषाने उचलले म्हणून नव्हे, कारण त्याने स्वतःचीही नऊ मिनिटे कमी करून घेतली!

पाच तास म्हणजे अर्ध्या पाळीपेक्षा जास्त. तळोज्यातल्या मासळी-प्रक्रियेच्या कारखान्यात किंवा पॅकिंगला जाणारी बाई आधी आठ तास तिथे उभी राहते आणि मग हे पाच तास घरी. अशा घरात नवरा रविवारी गायन पार्टीला गेला आणि दहा जणांना चहा-भजी करायला बायको चुलीपाशी उभी राहिली, तर तो छंद कुणाच्या वेळेवर उभा आहे? आम्ही स्पष्टच लिहितो. जो छंद घरातल्या दुसऱ्या माणसाची विश्रांती खाऊन वाढतो, त्याला आम्ही चांगला छंद म्हणणार नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण प्रत्येक घरात माहीत असायला हवे. त्या छोटेसे किराणा दुकान चालवीत. माल बांधायला रद्दीचे कागद येत, ते त्या वाचीत. वाचता वाचता लिहू लागल्या. पण घरात कुणाला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवीत, आणि असे वीस वर्षे लपवीत राहिल्या. पुढे त्याच लेखनाचे ‘जिणं आमुचं’ झाले, १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि इंग्रजीतही गेले. दलित स्त्रीच्या पहिल्या आत्मकथनांत त्याची गणना होते. बेबीताईंच्या जिद्दीला आम्ही वंदन करतो. पण त्याचबरोबर एक प्रश्न विचारतो. आज आपल्या घरात कुणाची वही, कुणाचे रंग, कुणाचे गाणे असेच डब्यामागे लपून बसलेले नाही ना?

उपाय अवघड नाही. आठवड्यातून दोन तास घरातली बाई ‘सुटीवर’ असेल, असे ठरवा. त्या दोन तासांत स्वयंपाक, पाणी, मुलांचे शी-शू सगळे बाकीच्यांनी पाहायचे. ती वाचो, शिवो, मैत्रिणीकडे जाओ, नाहीतर नुसती खिडकीशी बसो. काय केलेस म्हणून हिशेब मागायचा नाही.

आणखी एक सूचना. बाईने हौसेने काही केले की लगेच शेजारीपाजारी म्हणतात, “विकत का नाही? चार पैसे मिळतील.” गरज असेल तर जरूर विकावे, त्यात लाज कसली! पण सगळेच विकायला काढले की छंदाचे काम होते, गिऱ्हाइकाची तारीख येते, भावाची घासाघीस येते. दहा गोधड्या विकल्या तर अकरावी आपल्या मनाच्या रंगाची, आपल्या नातवासाठी शिवावी.

छंद कुठला आणि नाद कुठला?

छंदाला आपल्याकडे ‘नाद’ही म्हणतात, आणि ‘नादी लागला’ असेही म्हणतात. दोन्हींत फरक कसा करायचा?

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपल्याला ठाऊक आहे. संसारी माणसाची संपत्ती ज्या सहा वाटांनी वाहून जाते, त्या त्यात सांगितल्या आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यावर भटकणे, खेळतमाशांमागे धावत राहणे, जुगार, वाईट संगत आणि आळस. कुणी म्हणेल, खेळतमाशे त्यात आले, म्हणजे गाणेबजावणेही वाईटच. आम्हाला तसे वाटत नाही. आज कुठे काय तमाशा आहे, एवढाच विचार डोक्यात घेऊन माणूस घर आणि काम विसरतो, त्या धावण्याबद्दल तो इशारा आहे. पाहत धावणे वेगळे आणि स्वतः बसून शिकणे वेगळे.

या कसोटीवर आजचे खिशातले यंत्र घासून पाहा. मोबाइलवर गाणी ऐकून चाल शिकणारा मुलगा शिकतो आहे. तोच मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत बोटाने पडदा सरकवत राहिला तर तो फक्त धावतो आहे, जागच्या जागी. पैसे लावून खेळायच्या मोबाइलवरील रमी-पत्त्यांनी तर किती पगार गिळले असतील! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याआधी आपण शहाणे व्हायला हवे.

आमच्या साध्या चार कसोट्या आहेत. करून उठल्यावर मन हलके होते की जड? घरच्यांपासून लपवावेसे वाटते का? किराण्याच्या पैशाला हात लागतो का? आणि वर्षभराने आपण त्यात काही पुढे गेलो का? चारही उत्तरे समाधानकारक आली तर खुशाल तो छंद धरा.

तळोज्यात काय काय करता येईल?

पहिली गोष्ट आपल्या पगारपत्रकावर पाहा. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची लहानशी रक्कम कापली जाते आणि तिच्या तिप्पट रक्कम मालक भरतो. १९५३ च्या कायद्याने हा निधी सुरू झाला. त्यातून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ चालते. मंडळाची कल्याण केंद्रे, वाचनालये, शिवणवर्ग असतात. नाटकाच्या, भजनाच्या, समूहगीताच्या, कबड्डीच्या कामगार स्पर्धा होतात, कामगारांची साहित्य संमेलने भरतात. आपण दर सहा महिन्यांनी पैसे भरतो आणि कित्येकांना हे दार कुठे आहे हेच माहीत नसते. जवळचे केंद्र कुठले ते युनियनच्या प्रतिनिधीला विचारा. कपात होत नसेल तर का होत नाही, तेही विचारा.

वाचनाची आवड असेल तर पनवेलला के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी बहुतेक घरे शिवाजी पार्कवरून एकतरी पुस्तक आणतात. ती चांगली रीत आहे. पण आणलेले पुस्तक फोटोखाली ठेवून न देता आठवड्याला दहा पाने मोठ्याने वाचा. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकायचे. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिलाही छंद लागेल.

मुलांना जमवाजमवीची हौस असते. मग निबंधातला तो तिकिटांचा छंद खरोखरच लावा. १९५६ साली बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त टपाल खात्याने दोन आणे आणि चौदा आण्यांची तिकिटे काढली होती. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले, पंधरा पैशांचे. १९९० साली बाबासाहेबांच्या प्रतिमेचे एक रुपयाचे नाणे निघाले. ते सुट्या पैशांत अजूनही एखाद्या वेळी हाती लागते. २०१५ साली दहा रुपयांचे निघाले. एका नाण्यावरून मुलाला किती इतिहास सांगता येतो, ते करून पाहा.

ज्यांना झाडापेडाची, पाखरांची आवड आहे, त्यांच्यासाठी पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर मुंबई-गोवा रस्त्यालगत कर्नाळा अभयारण्य आहे. १९६८ साली ते खास पक्ष्यांसाठी राखले गेले. सव्वाशेहून अधिक जातींचे पक्षी तिथे दिसतात. माणसाने शीळ घालावी तसा गाणारा कस्तूर, लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक, शेपटीला दोन पिसांचे झुबके लावलेला कोतवाल हे सगळे तिथे आहेत. सकाळी लवकर जा, वही-पेन्सिल न्या, आवाज करू नका. आठवडाभर यंत्राची घरघर ऐकणाऱ्या कानांना त्याहून चांगले औषध नाही.

मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर धावते, त्यामुळे खारघर-बेलापूरची मैदाने आणि बागाही आता हाताशी आल्या आहेत.

घरच्या घरी झाडे लावायची तर पुदिना, मेथी, कोथिंबीर, मिरची खिडकीतही येते. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. भंगारात स्वस्त मिळणारे रसायनांचे ड्रम आणि कॅन कितीही धुतले तरी भाजीला किंवा पाण्याला वापरू नका. तेलाचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची गोणी चालेल. आणि रासायनिक कारखान्यातून आल्यावर कपडे बदलून, हात-पाय धुऊनच मातीत हात घाला.

गाण्याची बैठक असेल तर पाळीचा विचार ठेवा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच मनाई आहे. पण दिवसाही शेजारी रात्रपाळी करून झोपलेला असेल तर ढोलकीवर टॉवेल टाकायला हरकत नाही.

एका छंदाबद्दल मात्र खेदाने लिहावे लागते. गळ टाकून नदीकाठी बसणे हा या भागातला जुना विरंगुळा. पण कासाडीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने नासले. ऑगस्ट २०१७ मध्ये तर तळोज्यातली भटकी कुत्री निळ्या रंगाची दिसू लागली आणि ती बातमी जगभर गेली. ते कुणाच्या लक्षात आले, तर मुक्या जनावरांची हौसेने काळजी घेणाऱ्या, त्यांचे फोटो काढणाऱ्या लोकांच्या. छंद असलेला माणूस आपला परिसर डोळे उघडे ठेवून पाहतो. नदीवर प्रेम करणारे असतील तरच नदीसाठी भांडणारे निघतील.

हातचे राखून ठेवा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या. ज्यांचे सारे आयुष्य साच्याभोवती फिरत होते, त्यांच्या हातून साचा गेला आणि दिवस खायला उठला. तळोज्यातही आज कायम नोकरी थोड्यांना आहे. ठेका कधी संपेल, प्लँट कधी हलेल, सांगता येत नाही. निवृत्तीचे वय तर प्रत्येकाला गाठायचेच आहे. छंदाने पोट भरत नाही, घराचा हप्ता फिटत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. पण काम नसलेल्या दिवशी सकाळी उठायला काही कारण लागते. चार माणसांनी ‘आज आला नाहीस?’ म्हणून विचारावे लागते. ते कारण आणि ती माणसे आधीपासून जमवून ठेवलेली बरी.

सुरुवात लहानच करावी. आठवड्याला एक तास धरा. महागडे वाद्य, महागडा कॅमेरा हप्त्यावर घेऊ नका. आधी मागून आणा, सहा महिने टिकलात तर मग पाहा. रात्रपाळीच्या आठवड्यात आधी झोप, मग छंद. कुटुंबात प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक काम सांगावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्याच्या त्याच्या तासाला खूण करावी. आईच्या नावाची खूण सर्वांत आधी करा.